शपथ आणि परवाना



नीती आणि शासन यांतला फरक समजावून घ्यायला मौद्यातल्या मुलामुलींनी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलच्या ग्रंथापर्यंत जायला हवे असे नाही. महानत्यागी बाबा जुमदेवजींच्या परमात्मा एक सेवक मंडळाचा आश्रम इथेच आहे. या मार्गात येणाऱ्याने दारू सोडायची, जुगार सोडायचा, अंधश्रद्धा सोडायची. नागपूर-भंडाऱ्याकडच्या अनेक कष्टकरी घरांनी ते केले, आणि त्यांच्यामागे ना पोलीस होता ना दंडाची पावती. माणूस आपल्या इच्छेने मार्गात येतो, म्हणून त्या संयमाचे श्रेय त्याचे असते. धाकाने पाळलेल्या नियमाला मी नीती म्हणणार नाही.

चंद्रपूरकडे पाहा. दारूबंदीसाठी 2010 साली बाया चिमूरहून पायी नागपूरला आल्या. 1 एप्रिल 2015 पासून जिल्ह्यात बंदी लागू झाली. मे 2021 मध्ये मंत्रिमंडळाने तीच बंदी उठवण्याचा निर्णय घेतला आणि अवैध विक्री व गुन्हे वाढल्याचे कारण दिले. त्या बायांचे दुःख खरे होते, उपाय मात्र फसला. गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे, हे उदाहरण माझ्याविरुद्ध सांगितले जाईल. पण तिथे कायद्याच्या आधी गावोगाव लोक कामाला लागले होते. तिथे जे काही साधले त्याचे श्रेय मी आधी त्या लोकांना देईन, मग अधिसूचनेला.

यावर खरा आक्षेप असा, की दारुड्या नवरा बायकोला मारतो, पोरांच्या तोंडचा घास पितो. मग पिणे ही त्याची खासगी बाब कशी? आक्षेप वजनदार आहे. म्हणूनच राज्य हवे, आणि ते कणखर हवे. पण त्याचा हात मारणाऱ्या हातावर पडावा, प्रत्येक पेल्यावर नव्हे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा 2005 चा कायदा नेमका तिथे बोट ठेवतो. तो नीट राबवायला कष्ट पडतात. सरसकट बंदीची घोषणा करायला पडत नाहीत, आणि राज्यकर्त्यांना ती आवडते याचे हेही एक कारण असावे.

व्यक्तीला धोका फक्त सरकारचा असतो असेही नाही. मुलींचे संमतिवय वाढवणाऱ्या 1891 च्या कायद्याच्या वादात टिळकांनी परक्या सरकारचा हस्तक्षेप नाकारला. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. मला आगरकर बरोबर वाटतात, कारण अजाण मुलीच्या देहावर घरच्यांचाही हक्क नसतो. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध महाराष्ट्राने 2016 साली केलेला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदाही त्याच न्यायाने योग्य आहे. दोन्ही ठिकाणी राज्य कुणाला सज्जन बनवायला निघालेले नाही. दुर्बळाच्या हक्कावर आलेला हात ते अडवते. स्वेच्छेच्या मार्गालाही हीच कसोटी लावा: बाहेर पडणाऱ्याचे पाणी तोडले, तर ती स्वेच्छा उरत नाही.

आज मात्र 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात प्रौढ माणसाला प्यायचा परवाना लागतो. तो किती जणांकडे असतो, हे तुम्ही जाणताच! तेच राज्य त्या दारूवर अबकारी करही घेते. तुम्हा पदवीधरांतले काही वकील होतील, काही तहसील कचेरीत बसतील, एखादा विधानसभेत जाईल. निर्व्यसनी राहायचे तर जरूर राहा, तशी शपथही घ्या. पण हा परवाना रद्द करा, अशी मागणीही करा.