मधुमेह, पाय आणि रोजचे चालणे

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून एका डॉक्टरने पायांविषयी बोलावे, हे आपणांस थोडे विचित्र वाटेल. परंतु साखरेचा आजार आज घरोघरी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, देशातील मधुमेही माणसांची संख्या सुमारे १० कोटी सांगितली आहे. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

प्रथम एक अनुभव सांगतो. जहाजावरील नोकरीतून निवृत्त झालेले एक मधुमेही गृहस्थ माझ्याकडे येत. बाजारापर्यंत चालले की त्यांच्या पोटरीत गोळा येई. थांबले की थोड्या वेळाने बरे वाटे. घरच्यांनी मायेपोटी त्यांचे चालणेच बंद केले. "अब्बा, तुम्ही बसा, आम्ही आणतो," असे म्हणून मुलगा बाजार करू लागला आणि नातू तांब्या हातात देऊ लागला. मधले वर्ष ते तपासणीस आलेच नाहीत. पुढे आले तेव्हा अंगणातल्या विहिरीपर्यंत जातानाही पोटरी दुखत होती आणि पायाचे एक बोट काळे पडले होते. ते काढावे लागले. घरच्या माणसांच्या मायेत काही कमी नव्हते, पण त्यांना माहिती नव्हती. ती देण्यासाठीच मी उभा आहे.

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की धमन्यांच्या आतल्या बाजूस थर साचतो आणि वाट अरुंद होते. बसून असताना पायाला थोडे रक्त पुरते. चालताना स्नायूंची मागणी वाढते, तेवढे रक्त पोहोचत नाही आणि पोटरी दुखू लागते. तंबाखू, विडी व सिगारेट यांनी ही वाट आणखी बिघडते. अशा माणसाने तंबाखू सोडल्यावाचून बाकीचे उपाय अपुरे आहेत.

मग व्यायामाने काय होते? बंद झालेली धमनी चालण्याने उघडत नाही, हे आधीच सांगतो. परंतु स्नायू मिळेल त्या रक्तातून अधिक काम करावयास शिकतात, आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांनाही चालना मिळते, आणि न दुखता चालता येणारे अंतर वाढत जाते. डेन्मार्कमधील लार्सन आणि लासेन या संशोधकांनी १९६६ सालीच अशा रुग्णांना रोज व्यायाम देऊन हा फायदा दाखवून दिला होता.

चालण्याची रीत अशी. पोटरी बऱ्यापैकी दुखू लागेपर्यंत चालावे. मग थांबावे किंवा बसावे. दुखणे पूर्ण गेले की पुन्हा चालावे. असे थांबत थांबत ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून निदान ३ दिवस करावे. ३ महिने नेटाने केल्यावाचून "गुण नाही" असे म्हणू नये.

ज्यांना बाहेर पडणे जमत नाही, त्यांनी खुर्चीवर बसून पायाचे चवडे वर-खाली करावेत आणि घोटा गोल फिरवावा. तोल सांभाळता येत असेल तर खुर्चीची पाठ धरून टाचा उचलाव्यात. प्रत्येक प्रकार १० वेळा करावा. पोटरी आवळली की शिरांतील रक्त वर ढकलले जाते. बर्गर आणि ॲलन या डॉक्टरांच्या नावाचा एक जुना व्यायामही आहे. त्यात निजून पाय काही मिनिटे उंच ठेवायचे, मग खाटेच्या कडेला बसून खाली सोडून हलवायचे, आणि शेवटी आडवे पडून विश्रांती घ्यायची. चालण्याइतका भक्कम पुरावा त्यास नाही, आणि धमनी फार अरुंद असल्यास पाय उंच करणे बाधते. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्यासच तो करावा.

आता सावधगिरी. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर होतात. खडा टोचला, फोड आला, तरी कळत नाही. म्हणून दुखत नाही याचा अर्थ पाय चांगला आहे, असा नव्हे. व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून पायाची नाडी व बधिरता तपासून घ्यावी. जखम असेल, बोट काळे-निळे पडले असेल, पाय लाल व गरम झाला असेल किंवा रात्री निजल्यावरही दुखत असेल, तर चालावयास न जाता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. चालताना छातीत दुखले तर लगेच थांबून डॉक्टरांकडे जावे. अनवाणी चालू नये. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावा. इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. घाम सुटून थरथर वाटली तर ती तोंडात टाकावी.

वुजू करताना आपण पाय धुतोच. त्याच वेळी तळवा आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात व नंतर कोरड्या पुसाव्यात. थंडीच्या दिवसांत गरम पाणी घेताना ते आधी हाताच्या कोपराने पाहावे, कारण बधिर पायाला चटका समजत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे काम तुमचे. आजोबांना वाकून तळवा दिसत नाही, आजीची नजर मंदावलेली असते. रोज रात्री २ मिनिटे त्यांचे तळवे तुम्ही पाहा. संध्याकाळी त्यांच्या हातातली पिशवी घ्या, पण त्यांना घरी बसवू नका. बरोबर चाला, आणि ते थांबले की तुम्हीही थांबा.

त्या गृहस्थांची जखम भरून आल्यावर, योग्य पादत्राण घालून, त्यांचा तोच नातू त्यांना रोज बंदराच्या वाटेने नेऊ लागला. आरंभी ते विजेच्या प्रत्येक खांबापाशी थांबत. ३ महिन्यांनी निम्मी वाट न थांबता जाऊ लागले. गेलेले बोट परत आले नाही, पण पाय राहिला.