६० पैकी ४२ फ्रेम कोणी काढल्या?

आजचा विषय जरा चक्रम आहे: जुन्या रॉक कॉन्सर्टच्या, प्रेक्षकांतल्या कोणीतरी लपूनछपून काढलेल्या फिल्म. त्या पन्नास वर्षं कपाटात पडून असतात, मग कोणी फॅन त्या स्कॅन करून सगळ्यांसाठी टाकतो आणि माझ्यासारख्यांची रात्रीची झोप जाते.

उदाहरणाला लेड झेपेलिन घेऊ. त्यांच्या ऐन भरातल्या काळाचं अधिकृत चित्रीकरण फार थोडं आहे. त्यात मॅनेजर पीटर ग्रँट म्हणजे धिप्पाड गडी. १९७१ मध्ये व्हँकुव्हरला त्याने आवाज मोजायचं सरकारी यंत्र चोरटा रेकॉर्डर समजून फोडलं, असं सांगतात. अशा माणसाच्या नाकावर टिच्चून पोरं कोटात कॅमेरे घेऊन जायची!

आता सुपर-८ चं गणित बघा. एका कार्ट्रिजमध्ये ५० फूट फिल्म. एका फुटात ७२ फ्रेम, म्हणजे एकूण ३६००. सेकंदाला १८ या वेगाने चालवली की ३ मिनिटं २० सेकंदांत खेळ खलास. कॉन्सर्ट अडीच-तीन तासांची आणि खिशात दोन-तीन कार्ट्रिज. म्हणून तो पोरगा वीस सेकंद शूट करतो, थांबतो, जिमी पेजने गिटारवर व्हायोलिनचा बो टेकवला की पुन्हा बटण दाबतो. कुठे दाबलं आणि कुठे सोडलं, यावरून त्याला काय आवडत होतं ते कळतं. मला तर यातच जास्त रस आहे.

बहुतेक फिल्म मुक्या. आवाज दुसऱ्याच कोणीतरी, दुसऱ्या कोपऱ्यात बसून टेप केलेला. ४ सप्टेंबर १९७० ची लॉस एंजेलिस फोरमची रात्र ‘लाइव्ह ऑन ब्लूबेरी हिल’ या चोरट्या रेकॉर्डमुळे फॅन लोकांना कानांनी पाठ होती. त्याच रात्रीची ८ मिलिमीटर फिल्म बाहेर आली ती तब्बल पन्नासेक वर्षांनी.

मग हे दोन्ही जुळवायचं कसं? मी पेशाने इंजिनियर, त्यामुळे पहिला विचार आला की लिहू एक स्क्रिप्ट. पण दोन आवाज असतील तर त्यांची तुलना करता येते. इथे एका बाजूला आवाजच नाही. शिवाय कॅमेऱ्याची मोटर १८ वर टिकत नाही आणि टेपचाही वेग थोडा सरकतो. म्हणजे बॉनमचा हात ड्रमवर कधी पडला, प्लँटचे ओठ कुठल्या शब्दाला मिटले, हे डोळ्यांनी बघत तुकडा तुकडा बसवायचा. हे काम ज्याला ती रात्र कानांनी पाठ आहे, त्यालाच जमतं.

आणि आता माझी तक्रार. हल्ली अशी फिल्म आली रे आली की आठवड्याभरात तिची ‘एआय फोर-के, ६० फ्रेम’ आवृत्ती येते. अहो, मूळ फ्रेम १८! म्हणजे दर सेकंदाच्या ६० पैकी निदान ४२ फ्रेम संगणकाने कल्पनेने भरलेल्या. धूसर बोटांची जागा स्वच्छ बोटांनी घेतली, पण ती पेजची बोटं नव्हेत. कोणी त्यावरून ‘हा सूर असा वाजवला’ म्हणून शिकायला बसला तर संपलंच. माझा एक मित्र म्हणतो, “अरे, नवीन पोरं नाहीतर बघणारच नाहीत.” पटतं मला, थोडंसं. करा की चकचकीत आवृत्ती, पण कच्चं स्कॅनही सोबत ठेवा. आणि फक्त यूट्यूबवर नको: फिल्मचे दाणे तिथल्या कॉम्प्रेशनला कचरा वाटतात, ते सरळ पुसले जातात. मूळ फाइल इंटरनेट आर्काइव्हसारख्या ठिकाणी चढवा.

हे सगळं परदेशातलंच आहे असं नाही. १९७२ मध्ये पेज आणि प्लँट मुंबईत आले होते. इथल्या वादकांबरोबर त्यांनी रेकॉर्डिंग केलं, ते २०१५ मध्ये अधिकृतपणे बाहेर आलं. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या डिस्कोमध्येही ते वाजवून गेले. त्या रात्रीची फिल्म मी कधी पाहिलेली नाही.

म्हणून ऐकणाऱ्यांना एक विनंती: आजोबांच्या, काकांच्या कपाटात बारीक रिळं असतील, कुठलीही, अगदी लग्नाची सुद्धा, तर आधी डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म कुजायला लागली आहे. जुन्या प्रोजेक्टरवर हौसेने चालवू नका, तुटेल. थंड, कोरड्या जागी ठेवा, लवकर स्कॅन करून घ्या आणि डब्यावर पेन्सिलने काही लिहिलं असेल तर त्याचाही फोटो काढा.