मुखशुद्धि

पंगत उठली कीं विड्यांचें तबक फिरूं लागतें. ज्यास विडा नको असतो तो बडीशेपेची चिमूट तोंडांत टाकतो. कोणी वेलदोडा सोलतो, कोणी लवंग दाढेखालीं धरतो. ही चाल केवळ चैनीची नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत जायफळ, लवंग, कंकोळ, वेलदोडा, कापूर, सुपारी व विड्याचें पान हीं मुखांत धरण्याचीं द्रव्यें म्हणून सांगितलीं आहेत. मात्र त्यापूर्वीं दांतवण करण्याचा व जीभ खरवडण्याचा उपदेश येतो. आधीं शुद्धि, मग सुगंध, हा तो क्रम. सुश्रुतानें तर जीभ खरवडण्याचें साधन सोन्याचें, रुप्याचें किंवा लांकडाचें, मऊ, गुळगुळीत व 10 अंगुळें लांब असावें, इतकें बारकाईनें सांगून ठेविलें आहे.

दुर्गंधि पोटांतून येते अशी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः बहुतेक वेळां ती तोंडांतच उपजते. जिभेच्या मागील भागावर व दांतांच्या फटींत राहिलेल्या अन्नकणांतील प्रथिनें सूक्ष्म जंतु कुजवितात आणि त्यांतून गंधकयुक्त वायु निघतात. तोंड धुऊन काढण्याचें काम निसर्गानें लाळेकडे सोंपविलें आहे. झोपेंत लाळ कमी सुटते, म्हणून सकाळीं तोंडास वास येतो. एकादशीच्या निर्जळी उपवासांतहि तेंच घडतें.

येथेंच स्वयंपाकघरांतील जिन्नसांचा उपयोग कळून येतो. बडीशेप चावली म्हणजे लाळ सुटते; अर्धें काम ती लाळच करते. लवंगेंत युजेनॉल नांवाचें जंतुरोधक द्रव्य असतें. मात्र तिचें तेल हिरडीस नुसतेंच लाविल्यास आग होते, सबब एखादी लवंग चघळणें बरें. वेलदोडा व पुदिन्याचीं पानें सुवास देतात. पेलाभर कोमट पाण्यांत अर्धा चमचा मीठ घालून केलेली चूळ स्वस्त व गुणकारी आहे. लिंबू मात्र दांतांवर चोळूं नये. त्यांतील आम्लानें दांतांचें कवच झिजतें. लसणीचा वास हट्टी असतो, कारण तिच्यांतील कांहीं द्रव्यें रक्तांत मिसळून फुप्फुसांवाटे बाहेर पडतात. त्यावर जेवणासोबत दूध किंवा जेवणानंतर सफरचंद घेतल्यास कांहींसा उतार पडतो.

परंतु मुखशुद्धीच्या नांवाखालीं घरांत शिरलेला शत्रु वेगळाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें 2004 सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कर्करोगास कारण होते, असा निर्णय दिला आहे. सुपारीच्या नित्य सेवनानें गालांची आंतली त्वचा ताठरते आणि पुढें तोंड पुरतें उघडेनासें होतें. महाराष्ट्र सरकारनें 2012 सालीं गुटख्यावर बंदी घातली. पण सुगंधी सुपारीची पुडी लहान मुलाच्या हातीं देणारा बहुधा घरचाच वडीलधारा असतो. प्राचीनांनीं सांगितलें म्हणून सारेंच ग्राह्य मानणें हा ज्ञानाचा मान नव्हे. यादींतून सुपारी गाळावी व बाकीचे जिन्नस ठेवावे, यांतच विवेक आहे.

दुसरीहि एक सावधगिरी अवश्य आहे. दांत व जीभ रोज स्वच्छ ठेवूनहि दुर्गंधि हटत नसेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, किंवा तोंडांतील व्रण दोन आठवड्यांत भरून येत नसेल, तर वेलदोड्यानें तें झांकूं नये, दंतवैद्यास दाखवावें. मधुमेह हाताबाहेर गेला असतां श्वासास पिकल्या फळासारखा वास येतो. तेथें तर क्षणाचाहि विलंब घातक होय.

या व्याधीचें दुःख असें कीं, ती ज्याची त्यास कळत नाहीं. मित्र दोन पावलें मागें सरतो, नातवंड मांडीवरून उठून जातें, आणि माणूस मनांत कष्टी होतो. पण कारण कोणी सांगत नाहीं. अशा वेळीं चारचौघांत न हिणवितां घरच्याच माणसानें एकांतांत, गोड शब्दांत सांगावें. तें ऐकून घेण्याइतकें मन निर्मळ असणें, ही मुखशुद्धीचीच पहिली पायरी होय.