वाढणे आपले, खाणे मुलाचे

(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



भाषण करण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा आहारशास्त्रावर बोलण्याची माझी योग्यता नाही. परंतु “तुमचा धाकटा जेवायला कसा लागला, तेवढेच सांगा,” असा आग्रह झाला आणि मला नाही म्हणवेना. त्या हकीकतीत माझ्या चुकाच पुष्कळ आहेत. पण त्या ऐकून दुसरीचे मूल सुधारत असेल, तर सांगण्यात लाज कसली?

माझी थोरली मुलगी पानात पडेल ते खाई. धाकटा अडीच वर्षांचा झाला आणि घास पाहताच तोंड फिरवू लागला. मी वाटी घेऊन त्याच्यामागे अंगणभर फिरे. काऊ-चिऊचे घास झाले, चांदोबा झाला, शेवटी मोबाइल हाती दिला. तो चित्रे पाही आणि मी तोंडात कोंबी. एके दिवशी बळेच भरवलेला भात तो सगळा ओकला आणि रागाच्या भरात मी त्याला चापट मारली. त्यानंतर नुसती वाटी दिसली तरी तो रडू लागे. मग उपाशी राहील या भीतीने मी दुधाची बाटली देई, आणि सासूबाई मायेने चहात बुडवून बिस्कीट देत.

पुढे तो फिकट दिसू लागला. दोन पावले चालला की “कडेवर घे” म्हणे. एका दुपारी तो भिंतीचे पोपडे नखाने काढून खाताना दिसला आणि माझ्या पोटात धस्स झाले. डॉक्टरांनी रक्त तपासले. या वयात हिमोग्लोबिन निदान 11 हवे, त्याचे 8.2 भरले. माती किंवा चुना खाणे हे पुष्कळदा अंगातील लोह कमी झाल्याचे लक्षण असते, हे मला तेव्हा कळले.

डॉक्टरांनी लोहाचे आणि जंतांचे औषध दिले व म्हणाले, “तीन दिवस तो काय काय खातो, ते लिहून आणा.” मी कॅलेंडरच्या पाठीमागे लिहू लागले. पहिल्याच दिवसाची यादी अशी : दूध पाच बाटल्या, बिस्किटे नऊ, चहा दोनदा, वेफर्सचे एक पाकीट, भात चार घास. भगिनींनो, खात नाही म्हणून मी रडत होते, आणि पोर तर दिवसभर खातच होते! भूक लागायला आम्ही त्याला सवडच दिली नव्हती.

दुधात कॅल्शियम पुष्कळ, पण लोह नाममात्र. दूध फार झाले की पोट भरते आणि अन्नातील लोहही अंगी लागत नाही. चहाचेही तसेच. म्हणून प्रथम बाटली बंद केली आणि दूध दोन कपांवर आणले, तेही जेवणानंतर. तीन रात्री तो रडला, आणि खरे सांगते, मीही रडले. बिस्किटांचा डबा कसा बंद करावा हा मोठा प्रश्न होता. सासूबाईंना दुखवायचे नव्हते. मी म्हटले, “आई, तुमच्या हातचे तो खातो. त्याला नाचणीचे घावन तुम्हीच करून द्या.” त्यांनी ते आनंदाने पत्करले. वजनास वजन धरले तर नाचणीत दुधाच्या जवळजवळ तिप्पट कॅल्शियम असते. एकेकाळी गरिबाचे अन्न म्हणून तिला नाक मुरडीत. 2023 साल तर जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले!

मग नियम केला. तीन वेळा जेवण, मध्ये दोनदा थोडे खाणे, एरवी फक्त पाणी. सर्वांनी एकत्र बसायचे आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा. त्याच्या पानात ओळखीचा वरणभात आणि बाजूला चमचाभर नवी भाजी. खा म्हणायचे नाही, खाल्ल्यास शाबासकी नाही, टाकल्यास राग नाही, आणि “भाजी संपव, मग चॉकलेट देते” असा सौदा तर मुळीच नाही. वाढणे आपले काम. किती खायचे ते त्याच्या पोटाने ठरवावे.

तांबडा माठ पहिल्या दिवशी त्याने बोटांनी चिवडला. पाच-सहा दिवसांनी चाटून पाहिला. बाराव्या दिवशी भातात कालवला आणि “गुलाबी भात” म्हणून आपल्या हाताने चार घास खाल्ले. मी मान वर केली नाही. डोळे भरून आले होते. भाजीवर लिंबू पिळावे, त्याने लोह चांगले अंगी लागते. कुळथाचे पिठले, मुगाची खिचडी, शेवग्याच्या शेंगा असे एकेक पुढे आले. मेथी निवडायला बसवले की ती खाण्याचीही त्याला गोडी वाटे. शेंगदाणे मात्र लहानग्यांना कूट करूनच द्यावेत, अख्खा दाणा घशात अडकतो.

एक अडचण घरातच निघाली. आमचे यजमान माठाला तोंड वाकडे करीत, आणि मुलगा त्यांच्याकडेच पाही! मग त्यांच्याही पानात चमचाभर पडू लागला.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.2 झाले. त्याचे श्रेय औषधालाही आहे. मूल फिकट दिसले, माती खाऊ लागले, तर घरगुती उपायांवर न थांबता डॉक्टरांकडे जावे. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातील सहा महिने ते पाच वर्षांच्या दर 100 मुलांत 67 जणांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे ही काही माझ्या एकटीच्या घरची गोष्ट नव्हे.

आज तो अकरा वर्षांचा आहे. दुधी भोपळा अजूनही खात नाही. असो, मलाही कारले आवडत नाही! तुमचे मूल खात नसेल, तर वाटी घेऊन त्याच्यामागे धावण्यापूर्वी एक दिवस यादी तेवढी करून पाहा, एवढीच विनंती. काही चुकले असल्यास लहान बहीण समजून क्षमा करावी.