युद्धाच्या इतिहासात बाईची नोंद कुठे सापडते?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



युद्धाचा इतिहास हा आपला विषय आहे का, असं मला दोघीतिघींनी विचारलं. हुंडा, मारहाण, पोटगी, रेशन या कामांतून वेळ काढून लढायांची पुस्तकं कशाला वाचायची? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की युद्धात बायकांवर जे अत्याचार होतात त्यांची माफी, भरपाई, शिक्षा हे सगळं पुढे कधीतरी "पुरावा काय?" या प्रश्नावर येऊन अडतं. त्या वेळी जपलेला कागद लागतो, आणि ऐकून नीट लिहून ठेवलेली साक्ष लागते. म्हणून हा इतिहास कसा तयार होतो, ते आपल्याला ठाऊक हवं.

आधुनिक युद्धांवरची जाडजूड पुस्तकं मुख्यतः सैन्याच्या स्वतःच्या कागदांवरून लिहिली जातात. इंग्रजी पद्धतीच्या सैन्यात प्रत्येक पलटणीची युद्धकाळातली रोजनिशी असते. आज कुठे मुक्काम, किती वाजता कूच, कोणता हुकूम आला, किती मेले, किती जखमी. पहिल्या महायुद्धातल्या या रोजनिश्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि इतिहासकार तिथूनच सुरुवात करतात. त्यांत अधिकारी मेला तर बहुधा त्याचं नाव लिहिलेलं असतं. शिपाई मेले तर बहुतेक वेळा नुसता आकडा. सैन्याने हे कागद आपलं काम चालावं म्हणून लिहिले. सैन्याला ज्याची मोजदाद करायची गरज नव्हती, ते त्यांत आलं नाही.

आपल्याकडेही याची खूण आहे. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत इंग्रज सरकारने लावलेली दगडी पाटी अजून दिसते. १९१४ ते १९१९ च्या युद्धात या गावातून किती पुरुष गेले आणि किती कामी आले, एवढंच तिच्यावर असतं. नावं नाहीत. मग त्यांच्यामागे शेत कुणी कसलं, पेन्शनसाठी अंगठा कुणी लावला, हे कुठून असणार? फ्रान्सच्या आघाडीवरल्या हिंदी शिपायांची पत्रं सरकार उघडून वाचत असे आणि त्यांतले उतारे भाषांतर करून ठेवत असे. इतिहासकार डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये त्यांचं पुस्तक केलं. म्हणजे साध्या घरांतले हे शब्द आपल्यापर्यंत पोचले ते सरकारच्या संशयामुळे. कागद कुणी आणि कशासाठी ठेवला, हे आधी विचारायचं, हा या अभ्यासाचा पहिला धडा.

आता ज्या उदाहरणासाठी मी मुख्यतः उभी आहे, ते सांगते. ते जपान आणि कोरियाचं आहे.

१९३० च्या दशकापासून दुसरं महायुद्ध संपेपर्यंत जपानी सैन्याने जिथे जिथे ठाणी केली, तिथे शिपायांसाठी लष्करी वेश्यागृहं उभी केली. त्यांत कोरिया, चीन, तैवान, फिलिपीन्स, इंडोनेशिया अशा देशांतल्या मुली होत्या. कुणाला कारखान्यात काम देतो म्हणून फसवून नेलेलं, कुणाला विकलेलं, कुणाला जबरदस्तीने उचललेलं. सैन्याने त्यांना नाव दिलं होतं "कम्फर्ट वुमन", म्हणजे शिपायांना विसावा देणाऱ्या बायका. ज्या जगल्या वाचल्या, त्या चाळीस-पंचेचाळीस वर्षं गप्प राहिल्या. जपानच्या लढायांवर एवढी पुस्तकं निघाली, पण या बायका त्यांत आल्या त्या फार तर एखाद्या ओळीपुरत्या.

ही गप्पगिरी मोडली ती कोरियातल्या बायकांनी. सोलच्या इहा महिला विद्यापीठातल्या प्राध्यापक युन चुंग-ओक यांनी स्वतः गावोगाव, देशोदेशी फिरून माहिती जमवली आणि जानेवारी १९९० मध्ये वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली. त्याच वर्षी स्त्री-संघटनांनी एकत्र येऊन या प्रश्नासाठी परिषद स्थापन केली. जपानी संसदेत प्रश्न निघाला तेव्हा सरकारी उत्तर आलं, की हे खासगी धंदेवाल्यांचं काम होतं. १४ ऑगस्ट १९९१ रोजी किम हाक-सुन ही ६७ वर्षांची बाई सोलमध्ये पत्रकारांसमोर बसली आणि स्वतःच्या नावाने, उघड्या चेहऱ्याने म्हणाली, की मला सतराव्या वर्षी चीनमध्ये जपानी सैन्याच्या ताब्यात ठेवलं होतं. डिसेंबरात तिने टोकियोच्या न्यायालयात दावा लावला.

तिचं बोलणं योशिमी योशिआकी या जपानी इतिहासकाराने ऐकलं. लष्करी कागदपत्रं चाळताना पूर्वी या विषयाचे कागद नजरेखालून गेल्याचं त्यांना आठवलं. ते टोकियोतल्या संरक्षण खात्याच्या ग्रंथालयात पुन्हा गेले आणि शोधून कागद काढले. जानेवारी १९९२ मध्ये ते वर्तमानपत्रात छापून आले. त्यांत ४ मार्च १९३८ चा युद्धमंत्रालयाचा एक हुकूम होता. बायका गोळा करणारी माणसं नीट पारखून नेमा, तिथल्या लष्करी पोलिसांशी आणि पोलिसांशी संधान ठेवा, म्हणजे सैन्याच्या अब्रूला धक्का लागणार नाही, असा त्याचा आशय. काळजी कुणाच्या अब्रूची आहे, ते बघा! त्या महिन्यातच जपानच्या पंतप्रधानांनी सोलला जाऊन माफी मागितली, आणि ऑगस्ट १९९३ मध्ये सैन्याचा यात हात होता हे सरकारने निवेदनात मान्य केलं.

हे कागद कपाटात आधीपासून होते. युद्ध हरताच जपानी सैन्याने दप्तरं जाळण्याचे हुकूम सोडले होते, त्यातून काही वाचले. कुणाही अभ्यासकाला ते मागता आले असते. पण या बायकांबद्दल कुणी विचारतच नव्हतं. बाई बोलली तेव्हा कागदाला अर्थ आला, आणि कागद मिळाला तेव्हा "म्हातारी काहीही बोलते" असं म्हणणाऱ्यांची तोंडं निदान काही काळ बंद झाली. योशिमींनी पुढे १९९५ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात वेश्यागृहांचे नियम आहेत : शिपायांची वेळ कोणती, अधिकाऱ्यांची कोणती, दर काय, डॉक्टरी तपासणी कधी. कोरड्या नोंदी आहेत, पण त्यांच्यावरूनच सिद्ध होतं की हा चार मवाल्यांचा प्रकार नव्हता, ती सैन्याची व्यवस्था होती.

याच प्रकरणात आपल्यासाठी एक इशाराही आहे. योशिदा सेइजी नावाच्या जपानी माणसाने सांगितलं होतं, की कोरियाच्या जेजू बेटावरून मी स्वतः बायका ओढून नेल्या. आपल्या बाजूची साक्ष म्हणून ती पुष्कळ ठिकाणी वापरली गेली. ती खोटी होती. आसाही या मोठ्या वर्तमानपत्राला २०१४ मध्ये त्यावरच्या बातम्या मागे घ्याव्या लागल्या, आणि नाकारणाऱ्यांनी लगेच ओरड केली की सगळंच खोटं. योशिमींनी पुस्तकात त्या माणसाचा आधार घेतला नव्हता, म्हणून त्यांचं काम टिकलं. आकड्यांचंही तसंच. एकूण किती बायका होत्या याची यादी नाही. योशिमींचा अंदाज पन्नास हजार ते दोन लाख असा आहे. असं असताना मोर्च्यात आपण मोठ्यातला मोठा आकडा ठोकून देतो. तसं करू नये. जेवढं सिद्ध आहे तेवढंही भयंकरच आहे.

साक्ष कशी घ्यावी, याबद्दल दोन उदाहरणं. बेलारूसच्या पत्रकार स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी १९७८ पासून दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या सोव्हिएत स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. अशा स्त्रिया आठ लाखांवर होत्या : नेमबाज, वैमानिक, परिचारिका, सुरुंग काढणाऱ्या, कपडे धुणाऱ्यासुद्धा. अलेक्सिएविच लिहितात, की नवरा शेजारी बसला की बाई पुस्तकातली लढाई सांगायची. तो नसला की स्वतःची सांगायची. वीरांची बदनामी होते म्हणून ते पुस्तक अडकून पडलं आणि १९८५ मध्ये निघालं. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

दुसरं उदाहरण बांगलादेशचं. १९७१ च्या युद्धात बलात्कार झालेल्या बायकांना सरकारने 'बीरांगना' म्हटलं. १९९२ मध्ये ढाक्याला युद्धगुन्हेगारांविरुद्ध लोकन्यायालय भरलं, तिथे कुष्टिया जिल्ह्यातल्या तीन बायकांना नेण्यात आलं. त्यांचे फोटो छापून आले. शहरातली सभा संपली, बायका गावी परतल्या, आणि तिथे त्यांना टोमणे खावे लागले. नयनिका मुखर्जी या अभ्यासक त्या बायकांमध्ये जाऊन राहिल्या; त्यांचं पुस्तक २०१५ मध्ये आलं आहे, ते जरूर वाचा. हेतू चांगला असूनही आपण बाईचं नुकसान करू शकतो, हे त्यातून कळतं. बोलायचं की नाही, नाव द्यायचं की नाही, हे तिने ठरवायचं. आणि आज हो म्हटलं तर उद्या नाही म्हणायचा तिला हक्क आहे.

मग आपण काय करू शकतो? आपल्या जिल्ह्यांत सैनिकांच्या विधवा आहेत, माजी सैनिकांच्या म्हाताऱ्या आया-बहिणी आहेत. त्यांच्या पेटीत पत्रं असतात, तार असते, पेन्शनचं पुस्तक असतं. ते कागद मागून नेऊ नका. तिथेच बसून, विचारून नक्कल करा, तारीख घाला, कुणाकडून मिळालं ते लिहा. बाईशी एकटीने बोला. ती सांगते ते तिच्या शब्दांत उतरवा आणि तिला वाचून दाखवा. जिथे तपासता येईल तिथे तपासा. तिच्यावर अविश्वास म्हणून नव्हे, उद्या कुणी तिला खोटं पाडू नये म्हणून. आणि सरकारी कागदही मागा. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण जाहीर केलं, की युद्धाची कागदपत्रं साधारणपणे २५ वर्षांनी खुली करावीत आणि युद्धांचा इतिहास पाच वर्षांत तयार करावा. तो तयार होताना बायकांबद्दल विचारणारं कुणी तरी हवं.

किम हाक-सुन १९९७ मध्ये वारली. दाव्याचा निकाल तिला पाहायला मिळाला नाही, पुढे २००४ मध्ये तो शेवटच्या न्यायालयात फेटाळला गेला. तरीही आज या युद्धावर कुणी पुस्तक लिहायला बसलं, तर तिला वगळून ते लिहिता येणार नाही. आपल्या जिल्ह्यातल्या बायकांसाठी एवढं तरी आपण करू शकतो. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या तालुक्यातल्या एका घरी जाऊन यावं, एवढंच मागते.