आपला कुर्ता आपण धुवावा

(लातूर येथे बारावीच्या आणि प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

मला इथं सॉफ्टवेअरमधल्या नोकऱ्यांवर बोलायला बोलावलं आहे. ते आपण शेवटी प्रश्नोत्तरांत बोलू. आधी मला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. आज तुमच्या अंगावर जो शर्ट आहे, तो कुणी धुतला? स्वतः धुतला असेल त्यांनी हात वर करा.

चार हात. ठीक आहे. तुमच्या वयाचा असताना माझाही हात खालीच राहिला असता, म्हणून आज या विषयावर बोलतोय.

मी लातूरचाच. २००८ ते २०१२ नांदेडला इंजिनिअरिंग केलं. दर दुसऱ्या शनिवारी लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीनं घरी यायचो. सोबत एक मोठी बॅग असायची. तिच्यात पुस्तकं नसायची, पंधरा दिवसांचे मळके कपडे असायचे. बॅग दारात ठेवायची, अम्मीच्या हातचं जेवायचं, दोस्तांना भेटायला जायचं. रविवारी संध्याकाळी तीच बॅग इस्त्रीच्या कपड्यांनी भरलेली मिळायची. मधे काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. बॅग भरलेली यायची आणि भरलेली जायची, एवढंच मला माहीत होतं.

२०१६ चा उन्हाळा तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभरातल्या टीव्हीवर आपलं शहर दिसत होतं. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. त्याच महिन्यात अम्मी न्हाणीत पाय घसरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. धाकट्या बहिणीचं लग्न झालेलं होतं. घरात अब्बा एकटेच. मी तीन आठवड्यांची रजा घेऊन आलो.

स्वयंपाकाचं शेजारच्या खालांनी सांभाळलं. तिसऱ्या दिवशी कपड्यांचा ढीग झाला. मी म्हणालो, धुण्याला बाई लावू. अम्मी म्हणाली, "पानी किधर है बाई को देने? तू धो." अब्बांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं, पण काही बोलले नाहीत.

टँकरचं पाणी जपून वापरायचं होतं. धुण्यासाठी तीन बादल्या, त्याहून एक तांब्याही जास्त नाही. अम्मी हात गळ्यात अडकवून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि सांगत गेली. पहिल्या बादलीत पावडर, दुसऱ्या दोन खळखळायला. आधी पांढरे कपडे, मग फिके, मग गडद, शेवटी पायपुसणी. पाणी तेच, कपडे बदलत जायचे. पांढऱ्यांच्या पाण्यात रंगीत चालतात, रंगीतांच्या पाण्यात पांढरे चालत नाहीत. शेवटी उरलेलं पाणी संडासात टाकायला ठेवायचं. कुठलं काम आधी, कुठलं नंतर, कमीत कमी पाण्यात जास्तीत जास्त कपडे. आम्ही कंपनीत याला ऑप्टिमायझेशन म्हणतो आणि त्याचा पगार घेतो. अम्मी याला धुणं म्हणायची.

पहिल्या दिवशी माझी फजिती झाली. अब्बांच्या कुर्त्यावर सालनाचा डाग होता, पिवळा. मी साबण लावला आणि तो लालभडक झाला. मला वाटलं कापड गेलं. अम्मी हसायला लागली. हळदीवर साबण पडला की ती लाल होते, कारण साबण अल्कधर्मी असतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हळदीचा कागद वापरून हेच मी केलं होतं आणि मार्कही मिळवले होते. घरात मात्र ओळखता आलं नाही. "धूप में डाल," अम्मी म्हणाली. दोन दिवसांच्या उन्हात हळदीचा डाग उडाला.

त्याच आठवड्यात मोठी चूक केली. गुरुवारी संध्याकाळी अम्मीची नवी मरून ओढणी आणि अब्बांचा जुम्म्याचा पांढरा कुर्ता घाईत एकाच बादलीत भिजवला. सकाळी कुर्ता गुलाबी. दुसरा इस्त्रीचा कुर्ता नव्हता. अब्बा तोच घालून जुम्म्याला गेले. मशिदीबाहेर कुणीतरी विचारलं, "ये क्या रंग है?" अब्बा म्हणाले, "बेटे ने धोया." एवढंच. मी शेजारी उभा होतो. लाजही वाटली आणि बरंही वाटलं.

त्या रात्री मी बहिणीला फोन केला. मोठ्या अभिमानानं सांगितलं की मी आता कपडे धुतो. ती हसली. मग म्हणाली, "भाई, तुमच्या नांदेडच्या बॅगा मी धुवायचे. माहिती आहे ना?"

मला माहिती नव्हतं. मला वाटायचं अम्मी धुते. अम्मीला तेव्हाही सगळं एकटीनं होत नव्हतं. पंधरा दिवसांचे कपडे भिजवणं, घासणं, वाळत घालणं, काढणं, इस्त्री करणं, बॅग भरणं, हे मिळून तीन तास तरी जातात. वर्षात मी साधारण वीस वेळा घरी यायचो. म्हणजे साठ तास. मी दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा ती बारावी सायन्सला होती. तिला फार्मसीला जायचं होतं. थोडक्यात हुकलं, ती बीएला गेली. ते साठ तास मिळाले असते तर गेली असती का? कुणीच सांगू शकत नाही. तीही मला दोष देत नाही. पण तुम्ही लातूरमध्ये बारावी करताय. साठ तास म्हणजे किती धडे, किती सराव पेपर, हे मी तुम्हाला सांगायला नको. माझ्या घरी दोघं शिकत होते आणि एकाचे कपडे दुसरी धूत होती. माझ्या पदवीच्या कागदावर तिचं नाव कुठंच नाही.

हे फक्त आमच्याच घरचं नाही. २०१९ च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत देशभरातल्या लोकांच्या दिवसाचा हिशेब घेतला होता. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया ८१ टक्के होत्या, पुरुष २६ टक्के. जे करतात त्यांचाही वेळ पाहा. स्त्रिया दिवसाला २९९ मिनिटं, पुरुष ९७. यात सगळे धर्म, सगळ्या जाती आल्या. इथं हिंदू-मुसलमान फरक नाही, आपण सगळे भाऊ एकाच रांगेत बसलोय.

आता पद्धत सांगतो. वही असेल तर लिहून घ्या.

धुण्याआधी खिसे तपासा, पांढरे, रंगीत आणि गडद असे तीन ढीग करा. नवा रंगीत कपडा असेल तर त्याचा आतला कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबा. रुमालाला रंग लागला तर तो कपडा वेगळा धुवा. मी हे केलं असतं तर अब्बांचा कुर्ता वाचला असता. पावडर आधी पाण्यात पूर्ण विरघळवा, मग कपडे टाका. सुती कपड्यांना अर्धा तास भिजणं पुरतं. रात्रभर भिजवून ठेवले की वास येतो. कॉलर, कफ आणि काखेचा भाग आधी घासा, मळ तिथं असतो. बाकी शर्ट नुसता चोळला तरी निघतो.

जास्त पावडर टाकली की जास्त स्वच्छ होतं, हा गैरसमज आहे. ती पावडर खळखळून काढायला जास्त पाणी लागतं, आणि निघाली नाही तर कपडा कडक होतो, अंगाला खाज येते. आपल्याकडं बोअरचं पाणी जड असतं. त्यातल्या कॅल्शियम, मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे वडीच्या साबणाला फेस येत नाही, उलट कपड्यावर पांढरट थर बसतो. अशा पाण्यात पावडर बरी. तेलकट डागाला आधी भांड्यांचा साबण लावा. रक्ताच्या डागाला थंड पाणी. गरम पाण्यानं तो पक्का होतो.

वाळत घालताना कपडा आधी जोरात झटका. निम्म्या सुरकुत्या तिथंच जातात. रंगीत कपडे उलटे करून सावलीत, पांढरे उन्हात. शर्ट खालच्या काठानं दोरीवर टाका, म्हणजे चिमट्याची खूण खांद्यावर दिसत नाही. पावसाळ्यात कपडे एकमेकांवर टाकू नका, मधे हवा खेळू द्या. ओला कपडा फार वेळ ओला राहिला की जंतू वाढतात. कुबट वास त्यांचा असतो.

इस्त्रीचं तत्त्व सोपं आहे. सुताच्या धाग्यातले बंध पाणी आणि उष्णतेनं सैल होतात, आणि थंड होताना ज्या आकारात असतील तिथं पक्के होतात. म्हणून कपडा किंचित ओलसर असताना इस्त्री करा, आणि झाल्यावर पाच मिनिटं हँगरला लावून थंड होऊ द्या. लगेच घडी घातली की नव्या सुरकुत्या पडतात. आतल्या लेबलवर इस्त्रीचं चित्र असतं. एक ठिपका म्हणजे कमी गरम, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे जास्त. टेरिकॉट, पॉलिस्टर आधी करा आणि सुती शेवटी, कारण इस्त्री तापते लवकर पण निवते उशिरा. शर्टाची आधी कॉलर, टोकांकडून मधे. मग खांदे, कफ, बाह्या, आणि शेवटी पुढचा-मागचा भाग. ओल्या हातानं प्लगला हात लावू नका. लाइट गेली तर आधी बटण बंद करा. आपण बाहेर जातो, लाइट येते, आणि परत आल्यावर गादीवर तिकोनी जळका डाग असतो. आमच्या गादीवर अजून आहे.

एवढंच आहे. आठवडाभरात हात बसतो.

आता तुम्ही काय म्हणाल तेही मला माहीत आहे. पहिलं, घरी मशीन आहे. चांगलं आहे. पण मशीन खिसे तपासत नाही, ढीग करत नाही, दोरीवर टाकत नाही, पाऊस आला तर काढत नाही, घडी करत नाही. मशीन फक्त मधलं काम करते. दुसरं, इस्त्रीवाल्याला देतो. जरूर द्या, त्याचाही संसार आहे. पैसे वेळेवर द्या, घासाघीस करू नका. तिसरं, आणि हे सगळ्यात खरं आहे, की अम्मीच करू देत नाही. "मरद कपडे धोते क्या रे?" असं ती म्हणते. परवानगी मागू नका. ती उठायच्या आधी मोजे, बनियन, आतले कपडे धुऊन दोरीवर टाका. ती दोन दिवस ओरडेल, मग सवय होईल.

मर्दानगीचा विषय निघालाच आहे, तर हदीसच्या ग्रंथांत नोंद आहे की पैगंबर घरी काय करत, असं कुणी हजरत आयेशांना विचारलं. त्यांनी सांगितलं की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की निघत. स्वतःची चप्पल सांधत, स्वतःचे कपडे शिवत, असंही येतं. हे आपण जुम्म्याला ऐकतो. ऐकतो तेव्हा अंगात जो पांढराशुभ्र कुर्ता असतो, तो कुणी धुतला हे मात्र आपल्या मनात येत नाही.

अजून एक. आपण मसावातच्या, बरोबरीच्या गोष्टी करतो आणि चिडलो की "धोबी" हा शब्द शिवीसारखा वापरतो. आपल्यातही धोबी बिरादरी आहे. महाराष्ट्राला स्वच्छता शिकवणारे गाडगेबाबा परीट समाजातले होते. मळ आपण करायचा आणि तो काढणाऱ्याला हलकं समजायचं, हा उलटा न्याय आहे. स्वतः एक बादली धुतली की तो शब्द तोंडातून निघत नाही. माझा बंद झाला.

तुमच्यापैकी बरेच जण गावाकडून आलेत. उदगीर, निलंगा, औसा, अहमदपूर. या शनिवारी बॅगा घेऊन घरी जाल. माझी विनंती एवढीच, शुक्रवारी रात्री बॅगेतले कपडे इथंच धुवा. वाळले नाहीत तर ओले घेऊन जा, पण धुतलेले घेऊन जा. आणि घरी बहीण शिकत असेल तर रविवारी तिचेही कपडे तुम्ही दोरीवर टाका. तिला तेवढा वेळ पुस्तक घेऊन बसू द्या.

माझी बहीण पुढच्या महिन्यात माहेरी येणार आहे. तिच्या मुलाला, नऊ वर्षांचा आहे, मी इस्त्री शिकवणार आहे. तिनं अट घातली आहे की गादीवर नाही, टेबलावर.

आता नोकरीबद्दल विचारा.