ठिणगीची वेळ

सुरतेहून नवापूरमार्गे धुळ्याकडे जाणारी मालमोटार कोंडाईबारीच्या घाटाला लागली की तिच्या इंजिनाची परीक्षा होते. 1954 साली जमशेदपूरला टाटांच्या डिझेल मालमोटारी तयार होऊ लागल्या. त्यापूर्वीच्या फार्गो, डॉज, शेव्हरोलेट या गाड्या बहुधा पेट्रोलवर चालत. डिझेलला ठिणगी लागत नाही. पेट्रोल इंजिनात ती केव्हा पडावी, हे मात्र माणसाने ठरवावयाचे असते. लवकर पडली तर चढावर इंजिन ठोके देते आणि पिस्टन जळण्याची भीती. उशिरा पडली तर शक्ती घटते, पाणी उकळते.

अशी जुनी गाडी ज्याने जपली आहे, त्याची फसगत एका ठिकाणी हटकून होते. गाडी उभी असूनही इंजिन वेगाने फिरते, आणि तो टायमिंगलाच दोष देऊन डिस्ट्रिब्यूटर फिरवू लागतो! वास्तविक वेग वाढला की डिस्ट्रिब्यूटरमधील वजने फाकून ठिणगी आपोआप आधी पाडतात. त्या वेगात खूण जुळविली तर मंद गतीत ठिणगी मागेच राहावयाची. तेव्हा आधी वेग उतरवावा. चोकची झडप पुरती उघडते काय, थ्रॉटलची दांडी अडकते काय, कार्बोरेटरखालच्या पॅकिंगमधून हवा शिरते काय, हे पाहावे. पॉइंटांमधील अंतरही आधीच ठीक करावे. ते बदलले की ठिणगीची वेळ सरकते. मग व्हॅक्यूमची नळी असल्यास ती काढून तिचे तोंड बंद करावे व टायमिंगच्या दिव्याने खूण जुळवावी. एवढ्याने वेग पुन्हा थोडा बदलतो. तो स्क्रूने बसवून खूण आणखी एकदा पाहावी.